एसयूपेस्ट: हेडर चिकटवतं झकास, पण डोळे झाकून

सीस्मिक युनिक्स म्हणजे आपलं एसयू, जमिनीखालच्या थरांवरून परतलेल्या लहरींचा डेटा प्रोसेस करायचं सॉफ्टवेअर, कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सवाल्यांचं, फुकट आणि सोर्स कोडसकट मिळतं, त्यातली एसयूस्ट्रिप आणि एसयूपेस्ट ही जोडी मी बरीच वर्षं वापरतेय. काम सरळ आहे. एसयूस्ट्रिप प्रत्येक ट्रेसचं (एका शॉटची एका रिसीव्हरवरची नोंद) २४० बाइटचं हेडर, म्हणजे त्या ट्रेसची माहिती, काढून वेगळ्या फाइलीत ठेवतं, उरलेले नुसते फ्लोट, म्हणजे सॅम्पलचे आकडे, तुम्ही पायथॉनमध्ये न्या नाहीतर कुठेही न्या, नॉइज काढा, आणि परत आलात की एसयूपेस्टला हेडरची फाइल दिली की शॉट नंबर, सीडीपी (शॉट आणि रिसीव्हरच्या मधल्या बिंदूचा नंबर), ऑफसेट (शॉट ते रिसीव्हर अंतर), कोऑर्डिनेट सगळं जागच्या जागी. स्पीडबद्दल बोलायलाच नको, पाइपमध्ये टाकलं की चहा ओतेपर्यंत संपलेलं असतं.

आता खोट. एसयूपेस्टला एनएस, म्हणजे ट्रेसमध्ये सॅम्पल किती, ते आपण सांगायचं आणि ते चुकलं तर सगळाच विचका. ६ सेकंदांचा रेकॉर्ड, ४ मिलिसेकंदांचं सॅम्पलिंग, म्हणून माणूस बिनधास्त १५०० टाकतो, पण शून्यावरचं सॅम्पल धरून होतात १५०१. मग प्रत्येक ट्रेस एकेक सॅम्पल खाली घसरत जातो, शंभराव्या ट्रेसपर्यंत जवळजवळ ४०० मिलिसेकंद, आणि सपाट रिफ्लेक्टर (लहर परतवणारा थर) असा छान उतरता दिसतो की नवा पोरगा त्याला डिप, म्हणजे थराचा खरा उतार, समजून खूश! म्हणून मी आधी फाइलीचा साइज ६००४ ने (१५०१ सॅम्पल, प्रत्येकी ४ बाइट) भागून बघते, पूर्ण भाग गेला आणि उत्तर एसयूरेंजने (हेडरमधल्या किमतींचा आढावा देणारी कमांड) दाखवलेल्या ट्रेसच्या आकड्याशी जुळलं तरच पुढे.

पण खरा फटका मला वेगळ्याच गोष्टीचा बसला. आमच्यातल्या एकाने त्याच्या स्क्रिप्टमध्ये ट्रेस सीडीपी आणि ऑफसेटप्रमाणे लावले होते आणि माझी हेडरची फाइल होती शॉटच्या क्रमाने. ट्रेस तेवढेच, साइज बरोबर, एसयूपेस्टने मुकाट्याने चिकटवून दिलं, एक वॉर्निंग नाही, काही नाही. एनएमओला (ऑफसेटमुळे होणारा उशीर काढणारी दुरुस्ती) चुकीचे ऑफसेट मिळाले, स्टॅक (एका सीडीपीचे ट्रेस एकत्र करून मिळणारं चित्र) पार फिसकटला, आणि मी दोन दिवस एनएमओच्या व्हेलॉसिटीला (लहरीच्या वेगाला) शिव्या घालत ती परत परत पिक करत, म्हणजे निवडत, बसले. एसयूपेस्टला शॉट नंबर वगैरे काही कळत नाही हो, पहिलं हेडर पहिल्या ट्रेसला, दुसरं दुसऱ्याला, एवढंच. शेवटी मूळ डेटा एसयूसॉर्टने त्याच क्रमात लावला, त्याचे हेडर काढले, ते चिकटवले आणि मग गाडी रुळावर आली.

सगळं हेडर नको, दोन-चारच फील्ड न्यायचे असतील तर याच्या नादी लागू नका, एसयूगेटएचडब्ल्यूला आउटपुट=जिओम देऊन फील्ड काढा, एटूबीने बायनरी करा आणि एसयूएसएचडब्ल्यूच्या (हेडरचे फील्ड भरणारी कमांड) इनफाइलमध्ये द्या. तिथेही क्रम तुम्हीच सांभाळायचा बरं का.

मदत हवी तर कमांड नुसती टाइप करून एंटर मारा, पानभर डॉक्युमेंटेशन येतं, एनएसबद्दलची ताकीदसुद्धा त्यात आहे. क्रमाबद्दल मात्र मोठ्या अक्षरात काहीतरी लिहायला हवं होतं, म्हणून पाचातले चारच स्टार.