तोलोमेओ: मान जिथं सोडाल तिथं थांबणारा दिवा

टेबल लॅम्प घेताना आपण वॅट विचारतो, उजेड पिवळा की पांढरा ते विचारतो. मान कुठवर जाते आणि सोडल्यावर तिथंच राहते का, हे फार थोडे जण विचारतात. मी मुलांच्या पुस्तकांसाठी शाईची चित्रं काढते. घर गिरगावात, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी, आणि पावसाळ्यात भरदुपारीही दिवा लावल्याशिवाय बारीक रेघ दिसत नाही. त्यामुळे दिव्याची पारख मी मानेवरून करते, आणि त्या कसोटीवर आर्टेमिडे कंपनीच्या तोलोमेओइतका चांगला दिवा मी वापरलेला नाही.

माझा दिवा वापरलेला आहे. फोर्टमधल्या एका आर्किटेक्टचं ऑफिस हलत होतं, तिथून घेतला. नवा परवडण्यासारखा नव्हता. इटलीहून येणारी वस्तू, किंमत तशीच. वीतभर रुंदीची जड गोल बैठक, त्यावर अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, टोकाला लहानशी शेड. बटण शेडवरच आहे, म्हणजे मान वळवायला गेलेला हात तिथंच दिवा लावतो.

खरी करामत नळ्यांच्या पोटात आहे. दिव्याचा भार स्प्रिंगने तोलायची युक्ती जुनी. 1932 साली जॉर्ज कारवार्डाइन या इंग्रज इंजिनिअरने ती पेटंट केली. तो मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा माणूस. पण त्या घराण्यातल्या दिव्यांच्या स्प्रिंगा उघड्या दिसतात. मिकेले दे लुक्की आणि जानकार्लो फास्सिना या डिझायनरांनी 1987 साली तोलोमेओत त्या नळीत दडवल्या. बाहेर दिसतात फक्त सांध्यांपाशी ताणलेल्या बारीक पोलादी तारा. मान कुठंही न्या, तिचा भार आतली स्प्रिंग तारेतून ओढून धरते. कुठं खिट्टी फिरवायची नाही, काही आवळायचं नाही. आमच्या सासूबाई सुईत दोरा ओवायला माझ्या टेबलाशी येतात, एका बोटाने शेड स्वतःकडे ओढतात आणि दोरा ओवून परत ढकलतात. त्यांना हे कुणी शिकवलं नाही.

दे लुक्कींची वाट बघितली की या साधेपणाचं मला जास्तच कौतुक वाटतं. जन्म 1951चा, फेराराचा. आर्किटेक्चर शिकले फ्लॉरेन्सला. 1981 साली एत्तोरे सोत्सास या इटालियन डिझायनरभोवती मेम्फिस हा डिझायनरांचा गट जमला, त्यात हे होते. भडक रंग, लॅमिनेट, खेळण्यासारखे आकार असं ते काम. तोच माणूस सहा वर्षांनी असा दिवा करतो, ज्यात एकही रंग नाही आणि वायफळ रेघ नाही. मला यात आधीचं नाकारणं दिसत नाही. खेळकरपणा होताच, तो सांध्यात उतरला. फास्सिना आर्टेमिडेच्याच तांत्रिक कामात मुरलेले. अशी जोडी जमली म्हणून हे जमलं. 1989 साली तोलोमेओला कोम्पासो द'ओरो मिळाला, इटलीत डिझाइनचा सर्वांत मानाचा पुरस्कार.

मिलानच्या परिसरात दिवा हा आर्किटेक्टचा विषय कसा झाला, हे मला फार मोलाचं वाटतं. विको माजिस्त्रेत्ती इमारती बांधणारे, पण त्यांच्या एक्लिस्से या चिमुकल्या दिव्यात आतली वाटी फिरवली की ग्रहणासारखा उजेड झाकत जातो. आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांच्या 1962च्या आर्को दिव्याला कारारा संगमरवराची जड बैठक आहे आणि त्या दगडात आरपार भोक. झाडूचा दांडा त्यातून घालायचा आणि दोघांनी दिवा उचलायचा. दिवा घरात हलवावा लागतो, हे ज्याला आठवतं तोच असं भोक पाडतो.

आणि पारेंतेसी. छतापासून जमिनीपर्यंत ताणलेली पोलादी तार, तिच्यावर वाकवलेली नळी, नळीला बल्ब. नळी वाकडी असल्यामुळे तार तिला घासते आणि त्या घर्षणानेच दिवा हव्या त्या उंचीवर थांबतो. मूळ कल्पना पियो मान्झू या तरुण डिझायनरची. 1969 साली ऐन तिशीत ते मोटार अपघातात गेले. आकिल्ले यांनी ती कल्पना पुढे नेली आणि 1971 साली दोघांच्या नावाने दिवा आला. कास्तिल्योनींचं नाव तेव्हा केवढं मोठं होतं! तरी गेलेल्या तरुणाचं नाव सोबत राहिलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आता मुंबईत वापरायचं तर काय. व्होल्टेज तेच, पण पिन युरोपातली. आमच्या वायरमनने प्लग बदलून दिला. माझ्या जुन्या मॉडेलला आट्यांचा बल्ब लागतो, आपल्याकडचा पिनवाला नाही. लोहार चाळीत सहज मिळतो. एलईडी घेताना हातात तोलून हलका घ्या. जड बल्ब लावला की मान हळूहळू खाली येते, कारण स्प्रिंगचा हिशेब हलक्या बल्बचा आहे. खाऱ्या हवेसाठी मी तारा कोरड्या फडक्याने पुसते, विशेषतः श्रावण-भाद्रपदात. बैठक जागा खाते हे मात्र खरं. लहान टेबल असेल तर कडेला आवळायच्या क्लॅम्पचा प्रकार बघा.

बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या नकला ढिगाने आहेत. एका मैत्रिणीकडे तसला एक आहे. दिसायला अगदी तोच, पण काही महिन्यांतच त्याची मान वाकली, आणि आता तो फक्त वहीच्या एकाच जागी उजेड पाडतो. त्या पैशात साधा, खिट्टीने आवळायचा देशी लॅम्प घ्यावा. तो निदान प्रामाणिकपणे आवळला जातो.

जुना तोलोमेओ मिळत असेल तर दुकानातच दोन्ही नळ्या पूर्ण आडव्या करून हात काढा. थांबला तर घ्या. मग सांध्यांवर उजेड पाडून तारांचे पदर तपासा. एकही पदर सुटलेला दिसला तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा आणि मगच भावाचं बोला.