५१ तुकड्यांचा अपूर्णांक संच: बेरजेला चोख, गुणाकाराला लंगडा

शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन हा संच निरनिराळ्या नावांनी मिळतो, आतला माल मात्र बहुधा तोच. एक अख्खी पट्टी आणि तेवढ्याच लांबीच्या पट्ट्यांचे २, ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ समान तुकडे, मिळून ५१. बेरीज, वजाबाकी आणि सममूल्य अपूर्णांकांसाठी डोळे झाकून घ्या. सहावीच्या गुणाकारासाठी घेत असाल तर जरा थांबा.

१/२ × १/३ म्हणजे एक तृतीयांशाचा अर्धा. १/३ ची पट्टी ठेवायची आणि तिच्याखाली तंतोतंत बसणारे दोन सारखे तुकडे शोधायचे. १/६ चे बसतात, उत्तर मिळालं. झकास! पण अंश १ असलेल्या अपूर्णांकांच्या अशा जोड्या या संचात फक्त सहाच जमतात: १/२ ला १/२, १/३, १/४, १/५ किंवा १/६ ने गुणणं, आणि १/३ × १/४. १/३ × १/३ ला नववा हिस्सा लागतो, तो संचात नाही. १/४ × १/४ ला सोळावा लागतो, तोही नाही. (शेर-छटाक या जुन्या वजनांच्या काळात पावशेराचा पाव म्हणजे छटाक, शेराचा सोळावा हिस्सा, हे हिशेब न मांडता कळायचं.)

संचाचा खरा उपयोग २/३ × ३/४ सारख्या उदाहरणात दिसतो. १/४ चे तीन तुकडे मांडा, त्यांतले दोन उचला: अर्धा. आता उलट करा, २/३ चे ३/४ काढा. १/३ चे दोन तुकडे चार जणांत वाटता येत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी १/६ चे चार ठेवा आणि तीन उचला. पुन्हा अर्धाच. क्रम बदलला, वाट बदलली, उत्तर तेच. एवढ्यासाठी तरी संच पेटीत असावा.

गोची अशी की पट्टीला लांबी तेवढी असते. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की मुलांच्या डोक्यात बेरीजच सुरू होते, आणि १/२ × १/३ चं उत्तर ५/६ येतं. छेदांचा गुणाकार का करायचा, हे कळायला आडवी आणि उभी अशा दोन दिशा लागतात. त्याला चौकटीची वही पुरते. ३/४ × २/३ साठी ४ घरं रुंद, ३ घरं उंच असा आयत आखा. उभ्या चारपैकी तीन रांगा रंगवा, आडव्या तीनपैकी दोन रांगांवर तिरक्या रेघा ओढा. एकूण घरं १२, हा छेद. रंग आणि रेघा दोन्ही असलेली घरं ६, हा अंश. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नुसता रंग किंवा नुसत्या रेघा असलेली घरंही मोजणं. मग उत्तर ११/१२ येतं. ‘दोन्ही असलेलीच’ हे बजावून सांगावं लागतं. दोन्ही भाग एकाच दिशेने पाडले तर आकृती फसतेच.

बेरजेची सवय आणखी एका ठिकाणी नडते. आधी समच्छेद करून ९/१२ × ८/१२ मांडतात आणि छेद तसाच ठेवून ७२/१२, म्हणजे ६ लिहितात. समच्छेद करणं चूक नाही, फुकटची मेहनत आहे. खाली १४४ हवेत. पाऊण आणि दोन तृतीयांश, दोन्ही एकापेक्षा लहान, मग गुणाकार ६ कसा होईल, एवढं विचारलं तरी चूक सापडते.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत संच हातच टेकतो, कारण अख्खी पट्टी एकच. दीड × अडीच करताना मुलं १ × २ आणि १/२ × १/२ करून सव्वादोन लिहितात. आयताचे चार भाग पाडले की सुटलेले दोन तुकडे दिसतात: २, १/२, १ आणि १/४, बेरीज पावणेचार. ज्यांची दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, पाठ आहे त्यांना आकृतीही नको.

घ्यायचाच असेल तर फोमचा नको, कडक प्लास्टिकचा घ्या. फोमच्या कडा दबतात. दुकानातच बाराव्या हिश्शाचे १२ तुकडे अख्ख्या पट्टीशेजारी लावून बघा. प्रत्येक तुकड्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला, तरी बारा तुकड्यांत ६ मिलिमीटर होतो, आणि मग बारा बारावे मिळून एक होत नाही.