डिसेंट सॅम्पलर: आजोबांची पेटी कीबोर्डवर आणली, त्याचा अनुभव

तीन आठवडे रोज वाजवून मग लिहितोय. आमच्याकडे आजोबांची पेटी (हार्मोनियम) आहे, साडेतीन सप्तकांची, 42 पट्ट्या, प्रत्येक पट्टीला खर्ज आणि नर असे दोन सूर (म्हणजे आवाज देणाऱ्या धातूच्या जिभा), आणि भाता इतका जुना झालाय की दर गुरुवारच्या भजनाला ती बाहेर काढवत नाही. म्हणून तिचाच आवाज कीबोर्डवर हवा होता. कीबोर्डमधला तयार हार्मोनियम टोन मला कधी पटला नाही, पहिला अर्धा सेकंद बरा वाटतो आणि सूर लांबवला की तोच तुकडा गोल गोल फिरताना ऐकू येतो. मध्ये एकाकडून पैसे देऊन टोनचं पॅक घेतलं, त्यातही तेच.

डिसेंट सॅम्पलर हे आपण रेकॉर्ड केलेले आवाज (सॅम्पल) कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाजवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, आयपॅड सगळीकडे चालतं, कीबोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा. पण आधीच सांगतो, यात रेकॉर्डिंग होत नाही. ते वेगळं करायचं (मी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं), तुकडे पाडायचे आणि कुठली वेव्ह फाईल (आवाजाचा तुकडा) कुठल्या पट्टीवर हे एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहायचं. एक अवतरणचिन्ह सुटलं तरी चालत नाही, तेव्हा हे काम शांतपणे बसूनच करा.

रेकॉर्डिंग रात्री दोन वाजता केलं, पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकीला गोधडी. बहिणीने भाता मारला आणि मी पट्ट्या दाबल्या, प्रत्येक पट्टी 12 सेकंद. मोनो, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, सगळं मिळून 73 एमबीच्या आसपास झालं.

दर तिसरी पट्टीच रेकॉर्ड करा, मधल्या पट्ट्यांसाठी सॉफ्टवेअर शेजारचाच आवाज ओढून वर-खाली करून घेतं, असं बरेच जण सांगतात. पेटीला हे अजिबात करू नका! दोन सूर एकत्र वाजतात तेव्हा ते तंतोतंत जुळलेले नसतात, त्यातून एक संथ लाट येते, आमच्या पेटीत मधल्या सा ला साधारण दोन सेकंदांना एक. सॅम्पल ओढून वरच्या पट्टीवर नेलं की ती लाटही भरभर होते आणि मग दोन शेजारच्या पट्ट्या एकाच पेटीच्या वाटत नाहीत. लूप, म्हणजे सूर लांबवल्यावर पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, तोसुद्धा या लाटेच्या मापानेच लावायचा, लाट जिथे सुरू होते तिथून दोन लाटा पूर्ण होतील तिथपर्यंत, आणि जोडावर थोडा क्रॉसफेड, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांत मिसळायची. मधल्या सा ला मी चार सेकंदांचा लूप लावला, तो कुठे जोडलाय ते बहिणीलाही सापडलं नाही.

दुसरं म्हणजे पेटीची पट्टी जोरात मारली म्हणून आवाज वाढत नाही, तो भात्यावर असतो. म्हणून फाईलमध्ये वेलॉसिटीचा (पट्टी किती जोरात दाबली त्याचा) परिणाम शून्य केला आणि व्हॉल्यूम मॉड व्हीलला, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या चाकाला दिला. डावा हात व्हीलवर ठेवला की भाता मारल्यासारखंच वाटतं, आलापात दम भरता येतो. पट्टी सोडतानाचा खट्ट आवाजही वेगळा रेकॉर्ड करून रिलीजला (पट्टी सुटते त्या क्षणाला) लावता येतो, तो लावाच, त्याशिवाय पेटी जिवंत वाटत नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, प्रत्येक सॅम्पलचं ट्यूनिंग वेगळं बदलता येतं. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला पेटीचा शुद्ध गंधार चढा लागतो, तो साधारण 14 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरवला की तंबोऱ्यात अगदी मिसळतो. खऱ्या पेटीत त्यासाठी सूर घासावे लागतात. इथे काळी एकची वेगळी फाईल, पांढरी चारची वेगळी, गायक बदलला की फाईल बदलायची.

विंडोजवर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका, त्याच्या सेटिंगमध्ये बफर 128 ठेवा, एकदम हाताखाली येतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आता खर्ज आणि नर वेगवेगळे रेकॉर्ड करायचे आहेत, म्हणजे पेटीच्या पुढच्या खुंट्या (स्टॉप) ओढल्या-ढकलल्यासारखा एकेक सूर चालू-बंद करता येईल, भाता तेवढा टिकायला हवा.