हायलाइनचा तयार संच: घ्यावा, पण दोर बदलून

अमेरिकेतल्या राखीव जंगलात घोडा थेट झाडाला बांधून झोपलेलं कुठल्याच रेंजरला आवडत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी ते नियमातही बसत नाही. रात्रभर उभा घोडा साल कुरतडतो, खुरांनी माती उकरून मुळं उघडी पाडतो. इंडियानातल्या हूझिअर नॅशनल फॉरेस्टमध्ये ब्लॅकवेल हॉर्स कॅम्प आहे, शेजारी 1982 साली राखीव केलेलं सुमारे 13,000 एकरांचं चार्ल्स डीम विल्डरनेस. अशा ठिकाणी मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी ‘हायलाइन’चे तयार संच मिळतात. हायलाइन म्हणजे डोक्यावरून ताणलेली दावण. दोन झाडांमध्ये आडवा दोर, त्याला कड्या, कडीला घोडा बांधायचा लगामदोर. आपल्या पागांमधली अगाडी-पिछाडी आणि मेखांची पद्धत इथे उपयोगाची नाही. इथल्या घोड्यांना मागचे पाय बांधून घ्यायची सवयच नसते.

संचात साधारणपणे चार गोष्टी येतात: झाडाला गुंडाळायचे दोन पट्टे, 50 फूट दोर, दोरावर बसणाऱ्या फिरत्या कड्या, आणि ताण द्यायला रॅचेट, म्हणजे दात्यांचं आवळायचं यंत्र.

पट्टे दोन इंच रुंद असतात. तेवढी रुंदी हवीच, त्याहून अरुंद पट्टा साल कापतो. गडबड लांबीत आहे. सहा फुटी पट्टा बघायला भरपूर वाटतो, पण दोन फूट जाडीच्या ओकचा घेर सव्वासहा फूट भरतो. म्हणजे पट्टा पुरतच नाही, आणि मग लोक बारीक झाडं शोधतात, जी घोड्याच्या ओढीने वाकतात. दहा फुटी पट्टे असलेला संच बघा, किंवा पट्टे वेगळे घ्या. झाड निदान आठ इंच जाडीचं आणि जिवंत हवं. वर बघून वाळक्या फांद्या नाहीत ना, ही खात्री आधी.

संचातला सगळ्यात कच्चा भाग दोर. बहुतेकांत नायलॉन देतात, कारण तो स्वस्त आणि हाताला मऊ. पण नायलॉन ताणतो, आणि भिजला की आणखी सैल पडतो. हिशेब करून बघा: झाडांमधलं अंतर 42 फूट, दोर आठ फूट उंचीवर बांधलेला. मधल्या घोड्याने खाली ओढल्यावर दोर दोन्हीकडे पाच अंशांनी कलला तर मध्यावर पावणेदोन फूट खाली येतो, म्हणजे सव्वासहा फुटांवर. ते चालतं. नायलॉन दहा अंश कलला की दोर सव्वाचार फुटांवर. लगामदोर जमिनीवर लोळायला लागतो, घोड्याचा पुढचा पाय त्यात अडकतो, आणि रात्री दोन वाजता घोडा धडपडतोय हे आवाजावरून कळतं. त्यामुळे अर्धा इंच जाडीचा, कमी ताणणारा पॉलिएस्टर दोर घ्यायचा. झाडं छाटणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात तो फुटावर मिळतो.

म्हणून दोर कडक तारेसारखा ताणावा, असंही नाही. पाच अंशाच्या कलावर घोड्याने शंभर किलोने ओढलं तर दोरात जवळपास पावणेसहाशे किलोचा ताण येतो. दहा अंशांवर तोच तीनशेच्या आत राहतो. दोर जितका सपाट तितका झाडावर, पट्ट्यावर आणि रॅचेटवर भार जास्त. किल्ल्या अडकवायच्या कॅराबिनरला (स्प्रिंगच्या झडपेची कडी) इथे जागा नाही. वजन सोसायचा आकडा कोरलेलाच घ्या.

रॅचेट तर आम्ही काढूनच टाकायला सांगू. ताणाखाली तो सहज सुटत नाही, आणि घोडा अडकलेला असताना सोडायची वेळ नेमकी तेव्हाच येते. त्याऐवजी ट्रकवाले सामान आवळायला मारतात ती गाठ, शेवटी सुरगाठ. टोक ओढलं की मोकळी. खिशात धारदार सुरी तरीही हवीच.

कड्यांसाठी मात्र पैसे मोजावेत. दोर धातूच्या कडीत गुंडाळून बसवायचा असतो, गाठ मारावी लागत नाही आणि खालची कडी गोल फिरते. घोडा रात्रभर फिरला तरी लगामदोराला पीळ पडत नाही. पीळ पडला की दोर आखूड होत जातो आणि घोड्याची मान वर अडकून राहते. कडी दोराच्या जाडीला साजेशी हवी. बारीक दोरावर ती सरकते, मग दोन घोडे शेजारी येतात आणि लाथा सुरू. फिरती कडी नको असेल तर पातळ दोराचा फास तीन वेढे देऊन प्रुसिक गाठीने बसवता येतो. तो सरकत नाही, पण पीळ थांबवत नाही. स्विव्हेलचा, म्हणजे गोल फिरणारा, हुक वेगळा लावावा लागतो.

संचात चार कड्या आहेत म्हणून चार घोडे बांधू नयेत. 50 फुटांतले आठ फूट पट्ट्यांपर्यंतच्या बांधणीत आणि गाठीत जातात. उरलेल्या 42 फुटांत झाडापासून आठ फूट, मग घोड्याघोड्यांत बारा फूट धरले तर तीनच बसतात. ज्यांचं आपसात पटत नाही ते दोन टोकांना.

लगामदोराची लांबी ही ज्याची त्याने मोजायची गोष्ट, इथे संचाचा दोष नाही. घोड्याचं नाक जेमतेम जमिनीला टेकावं, म्हणजे मोकळा सोडलेला हुक जमिनीपासून दीड-दोन फुटांवर लोंबावा. वैरणीची जाळी उंच बांधा. रिकामी झाली की ती खाली लोंबते आणि नालेत अडकते.

एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात ठळक नसते: झाड कुठलं. ब्लॅक लोकस्टची साल घोड्याला विषारी आहे, आणि बांधलेला घोडा कंटाळला की सालच खातो. रेड मेपल आणि ब्लॅक चेरीची कोमेजलेली पानं तितकीच वाईट, म्हणून वादळानंतर फांद्या पडलेल्या असतील तिथे दावण नको. ओक चालतो, पण हिरवी अकोर्न्स (ओकची फळं) पडत असतील तर खाली झाडून घ्या. पाण्यापासून 200 फूट दूर राहा. एका घोड्याला दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी लागतं. ते वाहून आणायचं अंतर आधीच मोजून ठेवलेलं बरं.

पर्यायांपैकी बॅटरीवरचं विजेचं कुंपण घोड्याला मोकळीक देतं, पण खडकाळ जमिनीत खुंट्या रुतत नाहीत आणि हरणं घुसली की पट्टी जमीनदोस्त. ट्रेलरला बांधणं एका रात्रीपुरतं ठीक.

ज्या घोड्याला घरी कधी बांधून ठेवलेलंच नाही, त्याच्यासाठी संच मागवू नका. आधी अंगणात दिवसा दोन-तीन तास, मग रात्र, मग जंगल.