न जुळलेलं हाड: प्लेट की रिंग?
पेडण्याच्या माझ्या मामांच्या नडगीचं हाड 9 महिन्यांनंतरही जुळलं नव्हतं. पाय टेकला की कळ, आणि एक्स-रेत फट तशीच. मग दोन वाटा समोर आल्या.

जंतुसंसर्ग नसेल तर नवी प्लेट किंवा सळी बसवून कमरेच्या हाडाचं कलम भरणं मला सरस वाटतं. सगळं आतच राहतं.

पण पू असेल, हाडाचा तुकडाच गेला असेल, तर इलिझारोव्ह रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवलेल्या, त्वचेतून जाणाऱ्या तारांनी हाडाला जोडलेल्या धातूच्या कड्या. दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, तेही पाव-पाव करून 4 वेळा, हाड सरकवत नेतात. मागे नवं हाड तयार होतं. महिनोनमहिने तारांभोवतीची त्वचा स्वच्छ ठेवावी लागते, गोव्याच्या दमट पावसाळ्यात तर फारच जपून.

विडी मात्र दोन्हीकडे बंद. मामांनी ती सोडली.