स्प्रे टेक्स्चर मारला की ओल थांबते म्हणणाऱ्यांपासून सावध रहा

डोंबिवलीला माझ्या मामाचा फ्लॅट टॉप फ्लोअरला, वर डायरेक्ट गच्ची, त्यामुळे दर पावसाळ्यात हॉलच्या सिलिंगला ओल, पोपडे, लोणा हे ठरलेलंच. मे महिन्यात ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर आला (नाव टाकत नाही, तक्रार करायची आहे), म्हणाला "काका, पुट्टीबिट्टी सोडा, इम्पोर्टेड स्प्रे टेक्स्चर मारतो, वॉटरप्रूफ आहे, दहा वर्षं वर बघायला नको". स्प्रे टेक्स्चर म्हणजे गनने फवारायचं जाडसर, खडबडीत कोटिंग. ते मारलेला प्लायचा तुकडा आणलेला, त्यावर पाणी ओतून दाखवलं. मामी जाम खूश.

अहो पण पाणी येतंय गच्चीतून! खालून काहीही फवारा, पाणी स्लॅबमधून झिरपत येणार आणि कोटिंगला मागून ढकलणार. गच्चीचा कोबा फुटलाय का, वरच्या टाकीचा पाईप गळतोय का ते आधी बघून दुरुस्त करायचं, मग स्लॅब पूर्ण सुकू द्यायचा, त्यानंतर टेक्स्चरचं नाव काढायचं. ह्या माणसाने गच्चीत पाऊलसुद्धा ठेवलं नाही.

आणि माल? बादल्या नावाजलेल्या कंपनीच्या पण झाकणं आधीच उघडलेली, विचारलं तर म्हणे दुसऱ्या साईटवरचा उरलेला आहे, म्हणून तर स्वस्तात देतोय. रिकाम्या बादल्या भंगारवाल्याकडे हव्या तेवढ्या मिळतात. गन चोक होते म्हणून पोरं मगाने पाणी घालत होती ते मामाने स्वतः बघितलं, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात कोण कुणाचं ऐकतंय. कोरड्या कोपऱ्यात नुसता हात फिरवला तरी पांढरी पावडर हाताला लागायची, म्हणजे बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट भाग) नावापुरताच.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि रात्री सोफ्यावर ताटाएवढा पापुद्रा पडला. उलटा करून बघितला तर मागे जुना पिस्ता कलरचा डिस्टेंपर जसाच्या तसा चिकटलेला! म्हणजे खरवडणं नाही, प्रायमर नाही, आणि बिलात मात्र दोन्हीचे पैसे लावलेले.

मापाची गंमत तर ऐकाच. हॉल १० बाय १५ चा, म्हणजे सिलिंग १५० स्क्वेअर फूट, बिलात २४०. कारण काय, तर टेक्स्चर उंचसखल असतं म्हणून एरिया जास्त धरतात!! असं काही नसतं, लांबी गुणिले रुंदी बस. काम सुरू व्हायच्या आधी दोघांनी मिळून टेप लावायची आणि आकडा कागदावर सही करून घ्यायचा, सीलबंद बादली आपल्यासमोर फोडायला लावायची, आणि भिंतीच्या एका कोपऱ्यात दोन बाय दोनचा पॅच मारून सुकल्यावर ओल्या फडक्याने घासून बघायचा. खरा माल असेल तर हे ऐकून कुणी चिडत नाही.

१८ टक्के जीएसटी पण घेतला होता. पावतीवरचा नंबर जीएसटीच्या साईटवर टाकला तर भलत्याच कुठल्यातरी मोबाईल दुकानाचा निघाला. फोन केला तर "काका यंदा पाऊसच जास्त झाला", नंतर उचलणंच बंद.

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत कधीही जाता येतं. मामाने ॲडव्हान्स यूपीआयने दिलेला म्हणून निदान तेवढा पुरावा हातात आहे, बाकीची कॅश, तिचं काय होतंय बघू.