पासवर्डची मुदत सांगणारा पॉवरशेल रिपोर्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

महापे एमआयडीसीतलं ऑफिस, अडीचशेच्या आसपास युजर, दोन डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारे विंडोज सर्व्हर), पासवर्डची मुदत ९० दिवस. रोज सकाळी सातला टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) पॉवरशेलची, म्हणजे विंडोजच्या कमांड भाषेतली, स्क्रिप्ट चालते आणि पुढच्या १४ दिवसांत कोणाकोणाचा पासवर्ड संपतोय याची यादी हेल्पडेस्कला मेलवर जाते. वेगळं लायसन्स घ्यावं लागत नाही. नुसतं वाचायचं असल्यामुळे डोमेन अ‍ॅडमिनचे हक्कही देऊ नयेत.

एकाच युजरचं बघायचं असेल तर स्क्रिप्टची गरजच नाही. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूजर’, पुढे लॉगिन नाव आणि ‘/डोमेन’ टाकलं की ‘पासवर्ड एक्स्पायर्स’समोर तारीख आणि वेळ येते. थोडं वर ‘अकाउंट एक्स्पायर्स’ दिसतं, ती खातं बंद होण्याची तारीख. घाईत दोन्हींची गल्लत हमखास होते.

सगळ्यांची यादी पॉवरशेलच्या ‘गेट-एडीयूजर’ कमांडने काढायची, चालू खाती घ्यायची, ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ असलेली वगळायची. इथे बरेच जण पासवर्ड बदलल्याच्या तारखेत ९० मिळवून मोकळे होतात. हा हिशेब टिकत नाही. अकाउंट्स विभागाला किंवा अ‍ॅडमिन ग्रुपला फाइन-ग्रेन्ड पॉलिसीने (ठरावीक युजर किंवा ग्रुपपुरते वेगळे पासवर्ड-नियम) ४५ दिवसांची मुदत लावली की त्यांची तारीख चुकलीच. त्याऐवजी ‘एमएस-डीएस-यूजर-पासवर्ड-एक्स्पायरी-टाइम-कम्प्यूटेड’ हे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे युजरच्या नोंदीतलं माहितीचं खातं, मागवावं. कोणती पॉलिसी कोणाला लागू आहे ते पाहून डोमेन कंट्रोलर स्वतः तारीख काढून देतो. ते साठवलेलं नसतं, मागितल्यावर मोजलं जातं, म्हणून फिल्टरमध्ये चालत नाही; आधी सगळे युजर आणायचे आणि मग ‘व्हेअर-ऑब्जेक्ट’ने गाळायचे.

सगळ्यात जास्त त्रास या अ‍ॅट्रिब्यूटच्या दोन आकड्यांनी होतो. पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायचाच अशी खूण केलेल्या युजरचं उत्तर ० येतं आणि रिपोर्टमध्ये १ जानेवारी १६०१, पहाटे साडेपाच अशी तारीख उमटते. ते साडेपाच म्हणजे आपल्या टाइमझोनचे तास. ही निदान डोळ्यांना खटकते तरी. मुदतच नसलेल्या खात्याचं उत्तर ९२२३३७२०३६८५४७७५८०७ असतं आणि आकड्याची तारीख करून देणारं ‘फ्रॉम-फाइल-टाइम’ फंक्शन त्यावर एरर देतं. एकेक युजर घेत फिरणाऱ्या ‘फॉरईच’ लूपमध्ये एरर आली तरी स्क्रिप्ट थांबत नाही, व्हेरिएबलमध्ये (तारीख ठेवायच्या जागेत) आधीच्या युजरची तारीख तशीच राहते आणि ती पुढच्याच्या नावासमोर छापली जाते. शेड्युलरमधून चालताना लाल अक्षरं बघायला कोणी नसतं, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने पकडली जात नाही. ‘नेव्हर एक्स्पायर्स’ वगळूनही ही वेळ येते, कारण एखाद्या ग्रुपच्या पॉलिसीत मुदतच शून्य ठेवलेली असू शकते. म्हणून तारीख काढण्याआधी दोन्ही आकडे तपासून वेगळे काढावेत आणि लूपच्या सुरुवातीला व्हेरिएबल रिकामं करावं.

मुदत ज्या मिनिटाला पासवर्ड बदलला त्याच मिनिटापासून मोजली जाते. ९० दिवस म्हणजे १२ आठवडे आणि ६ दिवस. सोमवारी बदललेला पासवर्ड रविवारी संपतो आणि फोन येतो सोमवारी सकाळी, सगळे एकदम लॉगिन करत असताना. ८४ दिवस ठेवले की वार तोच राहतो, ऑडिटची ९० दिवसांची मर्यादाही पाळली जाते. आमच्या मते हा बदल रिपोर्टइतकाच उपयोगाचा आहे.

गणपतीत १४ दिवसांची खिडकी पुरत नाही. अर्धं ऑफिस कोकणात, लॅपटॉप बरोबर. व्हीपीएनलाही (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सोयीला) डोमेनचाच पासवर्ड असेल तर मुदत संपल्यावर व्हीपीएन लागत नाही, आणि व्हीपीएन नसताना पासवर्ड बदलता येत नाही. म्हणून सुट्टीच्या आधी ३० दिवसांची यादी काढून गावी जाणाऱ्यांना पासवर्ड आधीच बदलायला सांगावं. बाहेरून बदलायचा तर क्रम असा: व्हीपीएन जोडा, कंट्रोल-ऑल्ट-डिलीटमधून पासवर्ड बदला, मग व्हीपीएन चालू असतानाच स्क्रीन लॉक करून नव्या पासवर्डने उघडा. शेवटची पायरी राहिली तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड धरून बसू शकतो. युजरला जाणाऱ्या मेलमध्ये लिंक अजिबात टाकू नये. अशा लिंकवर क्लिक करायची सवय लागली की फिशिंगवाल्याचं काम सोपं होतं.

यादीत देवनागरी नावं किंवा विभाग असतील तर पॉवरशेल ५.१च्या ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ला एन्कोडिंग यूटीएफ-८ द्यावंच लागतं, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि एखाद्या ओयूला (डोमेनमधला युजर आणि मशीनचा कप्पा) वेगळी मुदत हवी म्हणून तिथे ग्रुप पॉलिसी (एकत्र लावायचे विंडोजचे नियम) लावली तर रिपोर्टमध्ये काहीच बदलत नाही. रिपोर्ट बरोबरच असतो: ओयूवरची पासवर्ड पॉलिसी तिथल्या मशीनच्या लोकल खात्यांनाच लागते. डोमेन युजरसाठी फाइन-ग्रेन्ड पॉलिसीच करावी लागते, तीही युजरला किंवा ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपलाच जोडता येते.